मुक्त महाजाल आणि मराठी अक्षर

साहित्याचा अध्यापक तंत्रज्ञानाविषयी लिहू लागला, तर वाचकांना थोडे नवल वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्ञान कोणापर्यंत पोचते आणि कोणापासून अडते, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासाचाही आहे. त्याच दृष्टीने येथे महाजालाचा, म्हणजेच वर्ल्ड वाइड वेबचा, विचार करावयाचा आहे.

इंटरनेट आणि वेब या दोन गोष्टी एक नव्हेत. इंटरनेट ही संगणकांना परस्परांशी जोडणारी यंत्रणा. वेब ही तिच्यावर उभारलेली लेखनवाचनाची पद्धती. तिची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हा येथील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. तिचे मूळ घटक तीनच: प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता, पान रचण्याची सामाईक खूणभाषा आणि पानाच्या देवघेवीचे ठरलेले नियम. हे नियम पाळणारा कोणीही, कोणाचीही अनुज्ञा न घेता, आपले पान जगापुढे ठेवू शकतो आणि दुसऱ्याच्या पानाशी दुवा जोडू शकतो.

या रचनेइतकाच महत्त्वाचा ठरला तो ३० एप्रिल १९९३ चा निर्णय. त्या दिवशी सर्नने वेबची मूळ प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली केली. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या ‘गोफर’ या तत्सम पद्धतीच्या काही वापरांवर शुल्क आकारण्याचे जाहीर केले. गोफर मागे पडण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते.

महाजाल खुले झाले, तरी मराठी अक्षर काही काळ बंदिस्तच राहिले. निरनिराळ्या वृत्तपत्रांचे फॉन्ट निरनिराळे. योग्य तो फॉन्ट संगणकात नसेल, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. असा मजकूर शोधताही येत नसे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान होते. पण ते सर्वत्र रुळण्यास दशकाहून अधिक काळ लागला. प्रत्येक अक्षराला सर्वमान्य क्रमांक मिळाल्यावर मात्र इंदूरला लिहिलेला मजकूर बेळगावला वा बडोद्याला जसाच्या तसा वाचता येऊ लागला. महाराष्ट्राबाहेर, मराठी ग्रंथभांडारांपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल विशेष कळते.

येथे महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होते. पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले. ग्रंथ सुरक्षित राहिले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत मराठी गद्याचे हे आद्य वैभव पंथाबाहेरच्या वाचकांस जवळजवळ अज्ञातच होते. किल्ली मूठभरांच्या हाती असली, की ग्रंथ असूनही नसल्यासारखा होतो.

आजची चिंता हीच आहे. आपले बरेचसे लेखन आता व्हॉट्सॲपच्या गटांत आणि फेसबुकच्या भिंतींआड होते. गटातील लेखाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. तो बाहेरून शोधता येत नाही आणि काही दिवसांत नव्या संदेशांखाली गाडला जातो. शिवाय जागेचा मालक दुसराच. जिओसिटीजची मूळ सेवा २००९ मध्ये आणि ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले; वेळेवर न जपलेले कित्येकांचे लेखन त्यांबरोबर नाहीसे झाले. निवडक संकेतस्थळेच फुकट दाखविण्याची एक योजना भारतात आली होती. मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मनाई केली आणि तो मार्ग येथे बंद झाला. म्हणजे मोकळेपण आपोआप टिकत नाही. त्याचे रक्षण करावे लागते.

या रक्षणातला आपला वाटा मोठा नाही, पण निश्चित आहे. शाळेच्या स्मरणिका, हस्तलिखित वार्षिके आणि अशा व्याख्यानांच्या पुस्तिका युनिकोडमध्ये उतरवून, आवश्यक तेथे लेखकांची संमती घेऊन, शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवता येतील. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या गावाविषयी साधार नोंदी लिहिता येतील. गटात जरूर लिहावे. परंतु टिकावे असे वाटणाऱ्या लेखनाची एक प्रत खुल्या पत्त्यावर असावी. माजी विद्यार्थ्यांपैकी चार-पाच जणांनी हे काम हाती घेतले, तर पुढील पिढीतील अभ्यासकाला आपल्या शाळेचा शोध घेताना कोणाकडे किल्ली मागावी लागणार नाही.