बूटेबल पेन ड्राइव्ह बनवायचाय? आधी दुकानाचा डेटा वाचवा



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तुमच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर काही त्या दिवशी बंद पडला नाही, बिलं निघतायत. पण जादा मुदतीची योजना घेतली नसेल, तर त्याला नवीन सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. आणि त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता, जीएसटी भरता! म्हणून नवीन विंडोज टाकायचं ठरवलं असेल, तर ते योग्यच आहे. त्यासाठी लागणारा बूटेबल पेन ड्राइव्ह तुम्ही स्वतः, फुकटात बनवू शकता.

बूटेबल म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच जणांना वाटतं, विंडोजची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हमध्ये कॉपी केली की झालं. तसं नाही. ती फाइल म्हणजे न उघडलेलं पार्सल. माल आत आहे, पण वापरता येत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना जी बूट फाइल शोधतो, ती ठरलेल्या जागी मोकळी मांडलेली हवी. ते काम बूटेबल बनवणारं टूल करतं. डीव्हीडीचा विचार सोडा, आजचं विंडोज ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावतच नाही.

पहिलं काम: बॅकअप

इथे दोनदा डेटा पुसला जातो. एकदा पेन ड्राइव्हचा आणि दुसऱ्यांदा, क्लीन इन्स्टॉल केलंत तर, हार्ड डिस्कचा. विंडोज परत टाकता येतं, पण तीन वर्षांची उधारी परत टाइप करता येत नाही.

टॅलीमध्ये कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पाथ दिसतो, तो लिहून घ्या. बॅकअप वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स, एक्सेलच्या फाइली, जुने मराठी फॉन्ट, सगळं घ्या. प्रिंटरचा आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. आणि महत्त्वाचं, तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मागच्या महिन्याचं एक बिल दिसलं, की मगच बॅकअप झाला म्हणायचं.

मशीन चालणार का?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० आणि चालणाऱ्या यादीतला प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट ॲप दोन मिनिटांत हो की नाही सांगतं.

आता पेन ड्राइव्ह

१. किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा.
२. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली 'क्रॅक' आयएसओ नको. तिच्यात काय लपलंय, ते तुम्हाला कळणार नाही.
३. भाषा निवडा, यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह निवडा आणि चालू करा.
४. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून लगेच बूट मेनूची की दाबा. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.
५. पार्टिशन निवडायच्या स्क्रीनवर थांबा. 'डिलीट' दाबण्याआधी डिस्कचा आकार दोनदा वाचा. बॅकअपची डिस्क त्या वेळी मशीनला लावलेली नसावी.

विंडोज १० ओरिजिनल आणि ॲक्टिव्हेट असेल, तर तीच एडिशन निवडा. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. मग त्याच मशीनवर सहसा नवीन की विकत घ्यावी लागत नाही.

मशीन जुनं निघालं तर?

लगेच भंगारात काढू नका. लिनक्स मिंटची आयएसओ रुफस नावाच्या फुकट टूलने पेन ड्राइव्हवर टाका. इन्स्टॉल न करताही ते पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. ईमेल, ब्राउझर, हिशोबाच्या शीट यांना ते पुरेसं आहे. पण टॅली त्यावर थेट चालत नाही, म्हणून बिलिंगचं मशीन त्यावर नेऊ नका.

मुहूर्त कोणता?

दर महिन्याला रिटर्न भरत असाल, तर ११ आणि २० तारखेच्या आसपास हे काम काढू नका. दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी बसा. पेन ड्राइव्ह अर्ध्या-एक तासात होतो. बाकीचा दिवस प्रिंटर, टोकन आणि टॅली परत चालू करायला हाताशी ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाला बिल वेळेवर मिळेल.