बेस कोणी वाजवला?

आमच्या विंगमध्ये एका दारावर सिड व्हिशसचं पोस्टर आहे. विस्कटलेले केस, गळ्यात साखळी-कुलूप आणि हातात बेस गिटार. एकदम भारी! मीसुद्धा गॅदरिंगच्या बँडमध्ये बेस वाजवतो, त्यामुळे फर्स्ट इयरला तोच माझा हिरो होता. मग त्यांच्या अल्बमबद्दल वाचलं आणि जरा धक्काच बसला.

बँडचं नाव सेक्स पिस्टल्स (स्टाफने नावावर जाऊ नये, प्लीज!). १९७५ साली लंडनमध्ये सुरू झालेला पंक रॉक बँड. पंक म्हणजे तीन-चार कॉर्ड, जोरदार स्पीड आणि मनातला राग. त्यांचा पहिला बेसिस्ट ग्लेन मॅटलॉक. चाली बांधण्यात त्याचा मोठा हात. फेब्रुवारी १९७७ मध्ये तो बाहेर पडला. त्याला पॉल मॅकार्टनीचं फार कौतुक म्हणून काढलं, असं मॅनेजर माल्कम मॅकलॅरेनने जाहीर केलं. मॅटलॉक म्हणतो, मीच सोडलं. त्याच्या जागी गायक जॉनी रॉटनचा मित्र सिड आला. लूक शंभर टक्के पंक, बेस मात्र जेमतेम.

आता तुम्ही म्हणाल, बेस ऐकू तरी कुठे येतो? बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झची, गिटारची ८२ची. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. मोबाईलच्या स्पीकरमधून ते ४१ हर्ट्झ येतच नाहीत. पण ड्रमचा ठेका आणि गिटारचे सूर यांना बांधून ठेवतो तो बेसच. तो घसरला, की काय बिघडलं ते कळत नाही, पण गाणं डळमळतं.

मार्च १९७७ मध्ये वेसेक्स स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. सिडचं काही जमेना. मग मॅनेजरने चक्क जुन्या मॅटलॉकलाच बोलावलं! तो म्हणाला, पैसे आधी. पैसे आले नाहीत, तोही गेला नाही. शेवटी प्रोड्यूसर ख्रिस थॉमसने गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सलाच बेस वाजवायला सांगितलं. जोन्सने सरळ गिटारचेच सूर बेसवर खाली वाजवले. त्या अल्बमचा आवाज भिंतीसारखा ठोस वाटतो, त्याचं एक कारण हे. अडचणीतला जुगाड, पण जमून गेला.

ऑक्टोबर १९७७ मध्ये 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' आला आणि ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेला. १२ गाण्यांपैकी १० गाण्यांच्या श्रेयात मॅटलॉकचं नाव आहे. 'अनार्की इन द यूके' तर १९७६चंच रेकॉर्डिंग, बेस मॅटलॉकचा. म्हणजे बँड सोडलेला माणूस अल्बमभर आहे, आणि पोस्टरवरचा जवळजवळ नाहीच.

जानेवारी १९७८ मध्ये बँड फुटला. फेब्रुवारी १९७९ मध्ये सिड न्यूयॉर्कमध्ये ड्रग्जच्या ओव्हरडोसने गेला. वय २१. माझ्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठा. १९९६ मध्ये बाकीचे पुन्हा एकत्र आले, तेव्हा बेसवर मॅटलॉकच होता. लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या त्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बमही निघाला.

पोस्टर काढा असं मी म्हणत नाही. आमच्या मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टवरही चार नावं आहेत. सर्किट खरं कोणी जोडलं, ते आम्हा चौघांनाच माहीत. एवढंच सांगतो, तो मी नव्हे.