डेटा आकारणी, प्रीपेड भ्रमणध्वनीवरील

डेटा आकारणी, प्रीपेड भ्रमणध्वनीवरील : भ्रमणध्वनीच्या (मोबाइल फोनच्या) ग्राहकाने आगाऊ भरलेल्या रकमेतून इंटरनेटच्या वापरापोटी केली जाणारी वजावट. ही वजावट ग्राहकाने न मागितलेल्या वापराबद्दल झाली किंवा वापर त्याचाच असूनही त्याचा दर त्याला ठाऊक नसला, तर तिला ‘अनपेक्षित आकारणी’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या अंगाचा, भारतातील अनुभवाच्या आधारे, विचार केला आहे.

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये आगाऊ भरणा केलेली जोडणी ग्राहकांना मिळू लागली. ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक जोडण्या प्रीपेड स्वरूपाच्या आहेत. मासिक देयकाच्या (पोस्टपेड) पद्धतीत चुकीची आकारणी देयकावर छापून येते व रक्कम भरण्यापूर्वी ग्राहकाला हरकत घेता येते. प्रीपेड पद्धतीत मात्र रक्कम आधीच कंपनीकडे असते, देयक येत नाही आणि वजावट झाल्याचे बहुधा शिल्लक संपल्यावरच कळते. नुकसान शिलकीपुरतेच मर्यादित राहते, हा या पद्धतीचा गुण खरा. परंतु ज्या ग्राहकाने पन्नास रुपये भरून महिना काढावयाचे ठरविले आहे, त्याची शिलक एका रात्रीत शून्यावर आली, तर त्याला मुकादमाला किंवा गावाकडे फोन करता येत नाही. रकमेच्या लहानपणावरून या हानीचे मोजमाप करणे योग्य नव्हे.

आकारणीची यंत्रणा : प्रीपेड जोडणीवर वापर चालू असतानाच त्याचे मोल ठरवावे लागते. फोनने इंटरनेटची जोडणी मागताच जालातील प्रवेशद्वार-यंत्र आकारणी-संगणकाला विचारणा करते. हा संगणक ग्राहकाच्या शिलकीतून काही रक्कम राखून ठेवतो व तेवढ्या किमतीच्या डेटाला अनुमती देतो. तो वाटा संपत आला की पुन्हा मागणी केली जाते आणि जोडणी तुटल्यावर न वापरलेली रक्कम शिलकीत परत जमा होते. या संदेशांच्या देवाणघेवाणीचा एक आंतरराष्ट्रीय संकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडणी चालू असताना शिलक तपासली, तर ती प्रत्यक्षाहून कमी दिसण्याचा संभव असतो, तो या राखून ठेवलेल्या रकमेमुळे. ही खरी वजावट नसते.

आकारणीचे सर्वांत लहान माप म्हणजे ‘पल्स’ होय. २०१० च्या सुमारास भारतात, विशेष पॅक न घेतलेल्या ग्राहकाला, दर १० किलोबाइटला १० पैसे हा दर सर्रास लागू असे. दहा पैसे हा आकडा ऐकावयास अगदी क्षुल्लक वाटतो. परंतु १ मेगाबाइट म्हणजे १,०२४ किलोबाइट. त्यांचे १०३ पल्स होतात आणि मोल १० रुपये ३० पैसे पडते. तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र उतरवून घेण्यास ३० रुपये ८० पैसे लागतात. याच दराने १ गीगाबाइटचे मोल दहा हजार रुपयांच्या पुढे जाते. अपुरा पल्स पूर्ण धरला जात असल्याने एक किलोबाइटच्या वापरालाही दहा पैसे पडतात. एखादा फोन दर पंधरा मिनिटांनी टपाल तपासत असेल व दर वेळी स्वतंत्र जोडणी होत असेल, तर दिवसाच्या ९६ जोडण्यांत, काहीही वाचावयास न मिळता, ९ रुपये ६० पैसे खर्ची पडतात. दर किलोबाइटमध्ये सांगावयाचा आणि वापर मेगाबाइटमध्ये व्हावयाचा, या विसंगतीतच बऱ्याच तक्रारींचे मूळ होते.

कारणे : जुन्या बटणांच्या फोनवर इंटरनेट उघडणारी कळ मधोमध वा मेनूच्या कळेलगत असे, फोन खिशात असताना ती दाबली जाऊन जोडणी होई. कंपनीचे स्वतःचे पान व खुले इंटरनेट यांसाठी फोनमध्ये निरनिराळ्या मांडण्या (ॲक्सेस पॉइंट) असत व त्यांचे दरही वेगळे असत. मांडणी चुकली की पॅक शिल्लक असूनही मुख्य शिलकीतून पैसे जात. स्मार्टफोन आल्यावर कळेचे कारण मागे पडले आणि पडद्याआडच्या वापराचे कारण पुढे आले. ॲपचे अद्ययावतीकरण, छायाचित्रांची दूरस्थ साठवण, ठिकाणाची नोंद, जाहिराती या सर्वांना डेटा लागतो व तो मालकाला न विचारता घेतला जातो. घरातील वाय-फाय क्षीण झाले की काही फोन आपोआप भ्रमणध्वनीच्या जालाकडे वळतात. पॅकची मुदत जोडणी चालू असतानाच संपली, तर उर्वरित वापर मूळ दराने मोजला जाण्याचा प्रसंगही येई.

परिमंडळाच्या (सर्कलच्या) सीमा हे आणखी एक कारण होते. परवान्यांच्या दृष्टीने मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ असून त्यात नवी मुंबई व कल्याणचा भाग येतो. उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे परिमंडळ होते. त्यामुळे पुण्याचा ग्राहक कल्याणला उतरला, की राज्य न ओलांडताच तो ‘रोमिंग’मध्ये जाई आणि केवळ स्वतःच्या परिमंडळापुरता असलेला पॅक तेथे निरुपयोगी ठरे.

यांहून वेगळा प्रकार मूल्यवर्धित सेवांचा. पडद्यावरील जाहिरातीला बोट लागले, की भविष्य, विनोद, क्रिकेटचे धावफलक अशा सेवेचे सदस्यत्व सुरू होऊन रोजची वजावट होई. ही रक्कम खरे पाहता डेटाची नव्हे. परंतु ग्राहकाच्या लेखी ती ‘नेटने खाल्लेली’ असते आणि तक्रारही तो तशीच नोंदवितो.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत व्हेरायझन वायरलेस या कंपनीने डेटा पॅक न घेतलेल्या ग्राहकांना मेगाबाइटला १.९९ डॉलर या दराने चुकीची आकारणी केल्याचे उघडकीस आले. फोनमधील नमुन्यादाखल दिलेले खेळ आणि जोडणीचे असफल प्रयत्न यांचेही पैसे लावले गेले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने तेथील संघीय दळणवळण आयोगाशी तडजोड करून अडीच कोटी डॉलर सरकारजमा केले आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांना पाच कोटींहून अधिक डॉलर परत करण्याचे मान्य केले. ही आकारणी मासिक देयकावर होत असल्याने तिचा माग राहिला, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१९ पासून, पॅक संपल्यावर वाढीव दराने सेवा चालू ठेवण्यास ग्राहकाची संमती सक्तीची करण्यात आली.

भारतातील नियमन : भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्रायची) स्थापना १९९७ मध्ये झाली. प्राधिकरणाच्या ग्राहक संरक्षण विनियमांनी २०१२ मध्ये प्रीपेड व्हाउचरांचे प्रकार निश्चित केले व ते ओळखता यावेत म्हणून त्यांवर रंगीत पट्टे ठरविले : मूळ योजनेसाठी तांबडा, शिलक वाढविणाऱ्या टॉप-अपसाठी हिरवा व विशेष दरासाठी पिवळा. कागदी कार्डांच्या काळात, अक्षरओळख नसलेल्या ग्राहकालाही दुकानदाराने काय दिले हे त्यामुळे समजे. रिचार्ज ऑनलाइन होऊ लागल्यावर पट्ट्यांचे प्रयोजन उरले नाही व डिसेंबर २०२४ मधील दुरुस्तीने ते रद्द झाले. मूल्यवर्धित सेवा ग्राहकाच्या दुहेरी संमतीशिवाय सुरू करू नये, असा आदेश जुलै २०१३ मध्ये निघाला. अशा सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे.

डेटाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती ऑगस्ट २०१५ मधील होय. तत्पूर्वी अनेक जोडण्यांवर डेटा सेवा सुरुवातीपासूनच चालू असे. ती बंद करण्याचा भार ग्राहकावर होता आणि ती चालू आहे हेच पुष्कळांना माहीत नसे. नव्या नियमाने हा भार उलटविला. ग्राहकाची स्पष्ट संमती असल्याखेरीज सेवा सुरू करता येत नाही आणि ती चालू वा बंद करण्यासाठी १९२५ हा निःशुल्क क्रमांक ठरविण्यात आला. पॅकचा ५०, ९० व १०० टक्के वापर झाल्यावर ग्राहकाला कळविणेही बंधनकारक झाले. हे संदेश बहुधा इंग्रजीत व संक्षिप्त आकड्यांत येतात. त्यांचा उपयोग त्यामुळे मर्यादित राहिला.

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर दररोज ठराविक डेटा देणाऱ्या योजना रूढ झाल्या. रोजचा वाटा संपला की पैसे कापण्याऐवजी वेग कमी केला जातो. सेकंदाला ६४ किलोबिट हा उतरलेला वेग सामान्यपणे आढळतो. मुख्य शिलकीतून होणारी जुन्या प्रकारची वजावट त्यामुळे देशांतर्गत वापरात जवळजवळ नाहीशी झाली. मात्र केवळ बोलण्यासाठी फोन वापरणाऱ्यालाही नको असलेल्या डेटाचे मोल योजनेतूनच द्यावे लागू लागले. साधा फोन बाळगणारे वृद्ध, तसेच घरी इतर मार्गाने इंटरनेट असलेले ग्राहक यांची ही तक्रार रास्त होती. वर उल्लेखिलेल्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने फक्त संभाषण व लघुसंदेश यांसाठी स्वतंत्र व्हाउचर उपलब्ध करणे कंपन्यांना भाग पाडले आणि विशेष व्हाउचरांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली.

परदेश प्रवासात धोका अद्याप कायम आहे. आखाती देशांत उतरताच फोन तेथील जालाशी जुळतो व ‘डेटा रोमिंग’ चालू असल्यास पडद्याआडचा वापर लगेच सुरू होतो. विमान व जहाजांवरील उपग्रहाधारित जाले कोणत्याही एका देशाची नसतात. त्यांना ९०१ हा सामाईक संकेतांक असून त्यांचे दर किनाऱ्यावरील दरांहून बरेच चढे असतात. देशापुरती मर्यादित केलेली योजना तेथे लागू पडत नाही.

तक्रार-निवारण : ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावयाचा असतो, तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांतील वापराचे तपशीलवार विवरण ५० रुपयांहून अधिक नसलेल्या शुल्कात मागता येते. विवरणाविना केलेली तक्रार सिद्ध होणे अवघड असते, तरीही या हक्काची माहिती फार थोड्यांना असते. दूरध्वनीविषयक वाद ग्राहक मंचापुढे चालविता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता व त्यानंतर बरीच वर्षे मंच अशा तक्रारी परत पाठवीत असत. खाजगी कंपनीविरुद्धची तक्रार चालविण्याचा अधिकार ग्राहक मंचाला आहे, असे त्याच न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केल्याने हा मार्ग पुन्हा मोकळा झाला आहे.