हुलगाही निवडतो बरं का!

मुलांनो, आमच्या फर्दापूरला, म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांजवळच्या गावात, थंडी पडली की घरोघरी हुलग्याचे शेंगोळे होतात. आई सुपात हुलगे घेऊन खडे निवडायला बसली, की तिला हळूच सांगा, ‘आई, हा हुलगासुद्धा निवडतो!’ काय निवडतो? तर माणसाचं रक्त!

ही गंमत १९५१ साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी शोधली. ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर. त्यांनी हुलग्याचा (कोकणातल्या मित्रांनो, तुमचा कुळीथ!) अर्क रक्तात मिसळला. ‘ए’ गटाच्या रक्तातल्या लाल पेशी एकमेकींना चिकटल्या, त्यांचे गोळे झाले. ‘बी’ आणि ‘ओ’ गटाचं रक्त मात्र जसंच्या तसं! ‘ए’ गटाचे ए-१ आणि ए-२ असे पोटगट आहेत. तेही या अर्काने वेगळे ओळखता येतात. रक्तपेढीत त्यासाठी हुलग्याचा अर्क आजही वापरतात.

पण त्याला कळतं कसं? आपल्या पेशींच्या अंगावर साखरेच्या बारीक माळा असतात. चहातली साखर नव्हे हं, साखरेचे प्रकार पुष्कळ आहेत. ‘ए’ गटाच्या माळेत शेवटचा मणी असतो एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसमाइनचा. माझीही जीभ अडखळते, म्हणून आपण त्याला ‘गॅलनॅक’ म्हणू. हुलग्यातलं एक प्रथिन नेमका हाच मणी पकडतं. साखर ओळखून पकडणाऱ्या अशा प्रथिनांना म्हणतात ‘लेक्टिन’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘निवडणे’!

‘मग शेंगोळे खाल्ले तर रक्ताचे गोळे होतील?’ वर्गात एकाने घाबरून विचारलं. नाही रे बाबा! शेंगोळे उकळत्या रश्श्यात शिजतात, त्या उष्णतेने लेक्टिन निकामी होतं. कच्चा राजमा खाल्ला तर मात्र त्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या होतात.

आता उजव्या बरगड्यांखाली हात ठेवा. तिथे यकृत आहे, आणि त्याच्या पेशींवरही लेक्टिन आहे! रक्तात फिरणाऱ्या कित्येक प्रथिनांच्या माळेवर सियालिक आम्लाचं टोपण असतं. ॲशवेल आणि मोरेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तांबं वाहून नेणाऱ्या प्रथिनाची टोपणं काढली आणि ते सशाच्या रक्तात सोडलं. काही मिनिटांत ते रक्तातून गायब! सापडलं कुठे? यकृतात. १९६८ साली त्यांनी हे जगाला सांगितलं. टोपण गेलं की खालची साखर उघडी पडते, आणि यकृत ‘हे जुनं झालं’ असं ओळखून ते आत ओढून घेतं.

रोगांशी लढणाऱ्या भक्षक पेशींचं लेक्टिन वेगळी साखर शोधतं: मॅनोज. यीस्टच्या अंगावर ती भरपूर असते. ती दिसली की पाहुणा परका आहे हे कळतं, आणि भक्षक पेशी त्याला गिळून टाकतात.

यकृताच्या या सवयीचा शास्त्रज्ञांनी मोठा छान उपयोग केला. औषध नेमकं यकृतातच पोचवायचं, तर त्याला तीन गॅलनॅक बांधायचे! यकृत त्याला ओळखतं आणि आत घेतं. असं पहिलं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, पॉर्फिरिया या दुर्मिळ आजारावर. पाठोपाठ कोलेस्टेरॉलवरचं आलं. सुरुवातीची दोन इंजेक्शनं झाली, की मग दर सहा महिन्यांनी एकच. आजोबांना सांगा, त्या औषधाला बांधलेली साखर तीच, जी सुपातला हुलगा ओळखतो.