झूम सोडा, पाय हलवा!

वीकेण्डला नागपूरहून सेवाग्रामला चक्कर मारून आलेल्या कुणाचाही फोन उघडून बघा. बापू कुटीचा फोटो असतोच. समोरून, उभ्याने, मधोमध. खाली ढीगभर जमीन, वर पांढरंफटक आकाश आणि कोपऱ्यात कुणाची तरी पाठ. फोन पंधरा हजारांचा असो नाहीतर लाखाचा, फोटो तोच! मग सगळा दोष कॅमेऱ्याला. ‘यार, दिवाळीत नवा घेऊनच टाकतो.’

जरा थांबा. नवा ईएमआय सुरू करण्याआधी एक फुकटातला उपाय करून बघा. तुमचे पाय वापरा. तुम्ही जागा बदललीत की फ्रेममधल्या सगळ्या वस्तू आपोआप जागा बदलतात. फिल्टर, एडिटिंग वगैरे सगळं नंतरचं. आणि या फंड्याचा सगळ्यात भारी क्लास याच सेवाग्रामात भरला होता, तोही १९३८ च्या सुमारास.

तीन अटी आणि एक कॅमेरा

कनू गांधी हे नात्याने गांधीजींचे चुलत नातू. जन्म १९१७ चा, म्हणजे तेव्हा वय विशीच्या आसपास. आश्रमात बापूंच्या कामात मदत करायची आणि मनात मात्र फोटोग्राफी. पण कॅमेऱ्याला पैसे कुठून आणणार? घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रमाकडून खर्चाला पैसे मिळणार नाहीत.

आता बोला! उजेड आपल्या हातात नाही. ‘बापू, जरा इकडे बघा ना’ म्हणायची सोय नाही. रोलचे पैसे आपले आपण उभे करायचे, म्हणजे शंभर क्लिक मारून एक निवडायची चैन नाही. मग बदलता येण्यासारखं उरलं काय? आपण कुठे उभं राहायचं किंवा कुठे बसायचं, एवढंच. तेवढ्यावर कनू १९४८ पर्यंत बापूंचे फोटो काढत राहिले. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची सेवा करणारे गांधीजी आपल्याला दिसतात, ते त्यांच्याचमुळे.

त्यांचा कॅमेराही मदतीला होता. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. म्हणजे लेन्स आपोआप डोळ्यांपेक्षा खाली. जमिनीवर बसलेल्या माणसाचा फोटो काढायला यापेक्षा बरं काय? तुमच्या फोनवरही हे जमतं. फोन उलटा धरा, लेन्स जमिनीच्या बाजूला जाईल. मग गुडघ्यावर बसा आणि फरक बघा.

अंतराचं गणित

‘झूम आहे की, चालायचं कशाला?’ हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे. झूममुळे चित्र फक्त मोठं होतं. कुठली वस्तू कुठल्या वस्तूपेक्षा किती मोठी दिसणार, हे ठरतं तुमच्या अंतरावरून.

समजा, मित्र तुमच्यापासून २ मीटरवर आहे आणि मागची कुटी १० मीटरवर. मित्र अवाढव्य आणि कुटी खेळण्यातली! आता ६ मीटर मागे या. मित्र झाला ८ मीटरवर, कुटी १६ वर. मग झूम करून मित्राला पुन्हा तेवढाच करा. कुटी आता आधीपेक्षा अडीच पट मोठी दिसेल. मित्र तोच, कुटी तीच, बदललं फक्त तुमचं ठिकाण.

हेच गणित उलटंही चालतं. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये काढलेला गांधीजींचा फोटो आठवा. चरखा पुढे आणि मोठा, गांधीजी त्यामागे वाचत बसलेले. चरखा मोठा दिसतो, कारण कॅमेरा त्याच्या जवळ आहे. फोटो काढायच्या आधी बर्क-व्हाइटबाईंना सूत कातायला शिकावं लागलं होतं, हेही लक्षात ठेवा.

एका दिवसाचा प्रॅक्टिकल

वर्धा जिल्हा या सरावाला मस्त आहे. सकाळी लवकर निघा.

सेवाग्राम: कुटीची कौलं खाली उतरलेली, दारं ठेंगणी. उभ्याने काढलात तर नुसतं छप्पर आणि अंगण येतं. खाली बसा. अंगण आक्रसतं, भिंत आणि ओसरी पुढे येते. आकाश पांढरं पडलंय? आवारातल्या झाडाखाली सरका, फांद्या वरची रिकामी जागा भरून काढतील. आत फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

विश्वशांती स्तूप: १९९३ मध्ये वर्ध्यात उभा राहिलेला हा स्तूप. चार दिशांना बुद्धाच्या चार मूर्ती. इथला मंत्र एकच, आधी प्रदक्षिणा, मग फोटो! सकाळी ऊन पूर्वेच्या मूर्तीवर, संध्याकाळी पश्चिमेच्या. जवळ उभं राहून फोन वर वाकवलात तर स्तूप मागे कलंडल्यासारखा दिसतो. मागे जा आणि फोन सरळ धरा.

पवनार: धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. उंच काठावरून बघितलं तर पाणी आणि खडक नकाशासारखे पसरतात. खाली काठाशी बसलात तर एकच खडक अख्खी फ्रेम व्यापतो आणि नदी त्याच्यामागून वाहते. दोन्ही काढा. फक्त पावसाळ्यात फोटोपायी पाण्याच्या जवळ जाऊ नका, प्लीज.

परतीचा रस्ता: थंडीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली असते. उभ्याने काढली तर हिरव्यावर पांढरे ठिपके. बोंडाच्या उंचीवर येऊन आकाशाच्या बाजूने काढलीत तर त्या एका बोंडातला धागा न् धागा दिसतो.

आणि सगळीकडे लागू पडणारी टिप: क्लिक करायच्या आधी माणसाच्या डोक्यामागे बघा. विजेचा खांब उगवलाय? एक पाऊल डावीकडे. गेला खांब!

उंचीचा प्रश्न

त्याच शेतात वेचणी करणाऱ्या बायका असतील. आपण बांधावर उभे, त्या वाकलेल्या. तिथूनच क्लिक केलं तर फोटोत काय येतं? वाकलेली पाठ आणि डोक्यावरचा पदर. चेहरा नाहीच. फोटो टेक्निकली शार्प असेल, पण त्यात माणूस सापडत नाही. आपण वरून बघतोय, हे मात्र स्पष्ट दिसतं.

म्हणून आधी फोन खिशात ठेवा. ‘मावशी, फोटो काढू का?’ असं विचारा. ‘कायले?’ असा प्रश्न आला तर खरं काय ते सांगा. ‘नको’ म्हणाल्या तर विषय संपला. ‘काढा’ म्हणाल्या तर त्यांच्या समोर, त्यांच्या उंचीवर बसा. त्या पुन्हा कामाला लागेपर्यंत थांबा. कनूंच्या दोन अटी इथे जशाच्या तशा लागू, फ्लॅश नाही आणि पोझ नाही.

मराठीत ‘दृष्टिकोन’ हा शब्द आपण मीटिंगमध्ये, मुलाखतीत सर्रास वापरतो. त्यात कोन आहे, हे विसरूनच जातो. तो कोन ठरतो आपण कुठून बघतो यावरून. या शनिवारी एक नियम करा: एकाच गोष्टीचे पाच फोटो, पाच वेगळ्या जागांवरून, झूम न वापरता. त्यातला एक गुडघे मातीत टेकवून. जीन्स मळेल, धुता येते!