प्रोबेटची सक्ती ते सवलत: मुंबईतील दीडशे वर्षांचा मागोवा

मुंबईत हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रावरून मालमत्तेवर हक्क सांगायचा, तर आधी न्यायालयाकडून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राच्या खरेपणाची मोहोर, घ्यायचे, ही सक्ती 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टपासून सुरू झाली. हा कायदा मुंबई व मद्रास ही शहरे आणि खालचा बंगाल एवढ्यांपुरताच होता. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तोच नियम कलम 213 म्हणून आला. मुसलमानांना तो कधीच लागू नव्हता. 1962 मध्ये पारशी त्याच्या कक्षेत आले, तर 2002 मध्ये भारतीय ख्रिस्ती बाहेर पडले. नियम ठरावीक प्रदेशापुरताच असल्यामुळे पुण्यात केलेले आणि पुण्यातल्याच घराविषयीचे मृत्युपत्र प्रोबेटशिवाय चाले, पण घर गिरगावात असले की उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पूर्वी कामाची दुहेरी विभागणी होती. अर्ज व कागदपत्रे सॉलिसिटर तयार करी आणि न्यायाधीशांपुढे बाजू दुसरा वकील मांडी. ही पद्धत 1 जानेवारी 1977 पासून संपली. पक्षकाराला स्वतः उभे राहण्याची मुभा होतीच. 2015 च्या नियमांनी मात्र त्यासाठी आधी न्यायालयाच्या समितीकडून पात्रता तपासून घेणे आवश्यक केले.

वाद नसलेल्या प्रोबेटचे काम मुख्यतः कागदांचे असते. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि किमतींसह मालमत्तेची यादी अर्जाला जोडावी लागते. मृत्युपत्रावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी एक तरी मिळत असेल, तर त्याचे सत्यापन लागते. वारसांची संमतीपत्रे जोडली की काम सोपे होते; नसतील तर त्यांना नोटीस जाते. कोणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, की अर्जाचा दावा होतो. वकील टाळू पाहणाऱ्यांची खरी अडचण इथे सुरू होते. प्रोबेट हाती आल्यावरही मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला सहा महिन्यांत मालमत्तेची सूची आणि वर्षभरात हिशेब सादर करावा लागतो. 1953 ते 1985 या काळात त्यात मृत्यूकराची भर होती.

मुंबईबाहेर वाट वेगळी होती. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला महाराष्ट्रात आजही चालतो. बँकेतील रक्कम किंवा रोख्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राची सोय आहे. शेतजमिनीचे काम तर तलाठ्याकडेच सुरू होते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र दिले की गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद होते. मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. बहुतेक कुटुंबे हे काम स्वतःच करतात. मात्र फेरफार ही महसुली नोंद आहे. तिने मालकीचा वाद मिटत नाही.

शहरी मालमत्तेसाठी नामनिर्देशनाची सोय टप्प्याटप्प्याने वाढली. बँक ठेवींसाठी 1983 च्या दुरुस्तीने, तर शेअर्ससाठी 1999 मध्ये ती आली. पण नॉमिनी म्हणजे मालक, हा समज न्यायालयांनी वारंवार खोडून काढला. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये वारसांचा हक्क कायम ठेवला. गृहनिर्माण संस्थांबाबत महाराष्ट्राने 2019 मध्ये कायदा दुरुस्त करून नॉमिनीला फक्त तात्पुरत्या सदस्याचे स्थान दिले. त्यामुळे फ्लॅट कायमचा नावावर करताना संस्था मृत्युपत्राबरोबर प्रोबेटही मागत, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसांपैकी एकाच्या नावे इतरांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

2025 मध्ये दोन मोठे बदल झाले. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबरमध्ये एकसारखी पद्धत ठरवली. वाद नसेल, तर व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंतच्या दाव्यांना क्षतिपूर्ती बंधपत्र, इतर वारसांची ना-हरकत अशी साधी कागदपत्रे पुरतात. डिसेंबरमध्ये संसदेने कलम 213 च वगळले आणि मुंबईतील प्रोबेटची सक्ती संपली.

प्रोबेट मागण्याची सोय मात्र कायम आहे. मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल शंका असेल, वारस परस्परविरोधी दावे करत असतील किंवा मालमत्ता घेणाऱ्याला निर्विवाद कागद हवा असेल, तेव्हा ते घेणे अजूनही शहाणपणाचे ठरते. दोन साक्षीदारांचा नियम बदललेला नाही, आणि वाद झाला तर मृत्युपत्र न्यायालयात पुराव्यानेच शाबीत करावे लागते. वकिलाशिवाय वाटणी पार पडते ती वारसांचे एकमत आणि कागद नीट असतील तिथे. कायद्यातील सवलतींनी त्या कुटुंबांचा वेळ व खर्च तेवढा वाचवला आहे.