अल्झायमर्स झालेल्या आपल्या माणसाची काळजी : घरी, डे-केअरमध्ये की निवासी केंद्रात?

अल्झायमर्सचे निदान झाले की नातेवाईक सुरुवातीला औषधांबद्दल विचारतात. काही काळाने प्रश्न बदलतो : "डॉक्टर, आता आईकडे चोवीस तास कोण बघणार?" बहुतेक घरांत तोपर्यंत एकच व्यक्ती, बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून, पूर्णपणे अडकून पडलेली असते आणि बाकीच्यांना त्याची पुरती कल्पना नसते.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. अल्झायमर्स हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. हा आजार आज पूर्ण बरा करता येत नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन अशा औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य राहतात. त्यामुळे औषधांइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, काळजीची व्यवस्था महत्त्वाची ठरते. ही व्यवस्था एकदाच ठरवून संपत नाही. आजाराच्या टप्प्याप्रमाणे आणि सांभाळणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे ती बदलावी लागते.

आधी गरज नेमकी ओळखा

पर्याय शोधण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

- आंघोळ, कपडे, जेवण, शौचास जाणे यांपैकी काय स्वतः जमते? कशाला आठवण करून द्यावी लागते आणि कशाला हात द्यावा लागतो?
- घरात एकटे ठेवता येते का? गॅस, नळ, विजेची बटणे, औषधे यांबाबत धोका आहे का?
- घराबाहेर निघून जाण्याचा प्रकार घडला आहे का?
- रात्री झोप लागते का? संध्याकाळी अस्वस्थता, संशय किंवा चिडचीड वाढते का?
- सांभाळणाऱ्या व्यक्तीचे वय काय? तिला स्वतःला मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आहे का?

शेवटचा प्रश्न अनेकदा कोणी विचारतच नाही. ७२ वर्षांच्या पत्नीला ७६ वर्षांच्या पतीला उचलून बाथरूममध्ये नेणे शक्य नसते. तिची माया कितीही असली तरी कंबर साथ देत नाही.

पर्याय १ : घरी, कुटुंबीयांकडून काळजी

सुरुवातीच्या टप्प्यात हा पर्याय बहुतेकांना योग्य असतो. ओळखीचे घर, नेहमीची खुर्ची, रोजचा चहा यांमुळे रुग्ण शांत राहतो. दिनक्रम शक्यतो एकसारखा ठेवा. एका वेळी एकच सूचना द्या. "मी तुम्हाला आत्ताच सांगितलं ना!" असे म्हणून उपयोग नसतो, कारण ते त्यांच्या लक्षात राहिलेलेच नसते. वाद न घालता विषय बदलणे जास्त उपयोगी पडते.

घरात थोडे बदल करा. बाथरूममध्ये धरायला दांडी लावा, आतली कडी काढा, पायात अडकणाऱ्या सतरंज्या उचला, रात्री मंद दिवा ठेवा, औषधे कुलपात ठेवा. रुग्ण बाहेर जात असेल तर खिशात नाव आणि फोन नंबर ठेवा; सोसायटीचा वॉचमन, वाणी, शेजारी यांना आजाराची कल्पना द्या. लपवून ठेवले तर गरजेच्या वेळी मदत मिळत नाही.

कामे वाटून घ्या. परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या भावंडांना रोजची काळजी घेता येत नसेल, तर खर्च, डॉक्टरांच्या भेटी, बँकेची कामे आणि वर्षातून काही आठवडे प्रत्यक्ष येऊन सांभाळणे, हा वाटा त्यांनी उचलावा. फोनवरून सूचना देणे हा वाटा नव्हे.

पर्याय २ : घरी आया किंवा अटेंडंट

मधल्या टप्प्यात अंघोळ, कपडे, शौच यांसाठी मदत लागू लागते. शहरांत ब्युरोमार्फत १२ किंवा २४ तासांसाठी मावशी किंवा मामा मिळतात. नेमताना डिमेन्शियाच्या रुग्णाचा अनुभव विचारा. पोलिस पडताळणी आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस मिळेल का, हे आधी स्पष्ट करून घ्या. पहिला आठवडा घरातील कोणीतरी सोबत राहावे. माणसे वारंवार बदलली की रुग्णाचा गोंधळ वाढतो.

इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग, लघवीची नळी ही कामे प्रशिक्षित नर्सची आहेत. ती आयाकडून करून घेऊ नका.

पर्याय ३ : डे-केअर केंद्र

येथे रुग्ण दिवसाचे काही तास राहतो. गाणी, हलका व्यायाम, चित्रे, गप्पा असे कार्यक्रम असतात. रुग्णाला संगत मिळते आणि घरच्या व्यक्तीला नोकरी, बँक, स्वतःची तपासणी किंवा फक्त झोप यासाठी वेळ मिळतो. चालता-फिरता येणाऱ्या रुग्णांना हा पर्याय चांगला मानवतो. अशी केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या क्षेत्रात काम करते. तिच्या तुमच्या जवळच्या शाखेकडे चौकशी करता येईल. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

पर्याय ४ : थोड्या दिवसांची निवासी सोय

घरात लग्न आहे, सांभाळणाऱ्याचे ऑपरेशन आहे, किंवा ती व्यक्ती फार थकली आहे. अशा वेळी काही निवासी केंद्रे एक-दोन आठवड्यांसाठी रुग्णाला ठेवून घेतात. पुढे कायमची सोय करावी लागेल असे वाटत असल्यास केंद्र पारखण्याचाही हा चांगला मार्ग आहे.

पर्याय ५ : डिमेन्शियासाठीचे निवासी केंद्र

अनेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. त्यामुळे डिमेन्शियाची काळजी घेणारे केंद्र वेगळे शोधावे लागते. पुढील परिस्थितीत याचा गंभीरपणे विचार करावा :

- रुग्ण वारंवार घराबाहेर जातो किंवा पडतो
- रात्रभर जागरण होते आणि घरात पाळी करायला दुसरे कोणी नाही
- मारहाणीपर्यंत जाणारी आक्रमकता आहे
- सांभाळणाऱ्याची प्रकृती ढासळली आहे

"लोक काय म्हणतील?" या भीतीने हा निर्णय लांबतो. पण उपाशी, ओल्या कपड्यांत, खोलीत कोंडून घरी राहण्यापेक्षा स्वच्छ, सुरक्षित जागी माणसांत राहणे रुग्णासाठी चांगले आहे. केंद्रात ठेवले म्हणजे नाते संपले असे नाही. नियमित भेटा, आवडीचा पदार्थ डॉक्टरांना विचारून न्या, हात हातात घेऊन बसा. नाव आठवले नाही तरी स्पर्श आणि आवाज जाणवतो.

केंद्र पाहायला न सांगता, शक्यतो जेवणाच्या वेळी जा. एका कर्मचाऱ्यामागे किती रुग्ण आहेत? रात्री कोण असते? डॉक्टर किती दिवसांनी येतात? रुग्णांना बांधून ठेवतात का? झोपेची औषधे कोणाच्या सल्ल्याने देतात? अनामत रक्कम परत मिळते का? डायपर आणि औषधांचा खर्च वेगळा आहे का? हे विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. भेटीच्या वेळा फार मर्यादित असतील तर सावध व्हा.

अचानक बिघडल्यास थांबू नका

अल्झायमर्स हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला, भास होऊ लागले किंवा रुग्ण सुस्त पडला, तर "आजार वाढला" असे समजू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, नवीन औषध किंवा पडल्यामुळे डोक्याला लागलेला मार ही कारणे असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. लगेच डॉक्टरांना दाखवा. रुग्णाला शांत करण्यासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. डिमेन्शियात काही मानसोपचाराच्या औषधांमुळे पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती गरजेपुरती आणि देखरेखीखालीच द्यायची असतात.

कागदपत्रे वेळेत करा

मृत्युपत्र, बँक खात्यातील वारस नोंद, विमा आणि मालमत्तेची कागदपत्रे ही कामे रुग्णाची समज शाबूत असतानाच करा. पुढे व्यक्तीची निर्णयक्षमता गेली की तिने दिलेले साधे मुखत्यारपत्रही कायद्याने टिकत नाही आणि पालक नेमण्यासाठी न्यायालयात जावे लागू शकते. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत किंवा नकोत, हेही दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. या सर्वांसाठी वकिलांचा सल्ला घ्या.

शेवटचा टप्पा

या टप्प्यात रुग्ण अंथरुणाला खिळतो, बोलणे थांबते, गिळायला त्रास होतो. रुग्णाला बसवून, सावकाश, मऊसर अन्न छोट्या घासांनी भरवा. दर दोन तासांनी कूस बदला. या अवस्थेत नाकातून नळी घातल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे दिसून आलेले नाही. म्हणून हा निर्णय घाईने घेऊ नका. वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरबद्दल डॉक्टरांशी बोला.

सांभाळणाऱ्यासाठी

सतत रडू येणे, झोप न लागणे, रुग्णावर हात उगारावासा वाटणे ही थकव्याची लक्षणे आहेत. अशा वेळी दुसऱ्या कोणाकडे तरी काही काळ जबाबदारी द्या आणि स्वतः डॉक्टरांना भेटा. मानसिक आधारासाठी टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत बोलता येते.

घरातल्यांनीही सुरुवात या आठवड्यापासून करावी. सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून निदान एक पूर्ण दिवस सुट्टी कशी देता येईल, हे सर्वांनी बसून ठरवावे. तिची तब्येत टिकली तरच वरीलपैकी कोणतीही व्यवस्था पुढे चालू राहील.